‘चले जाव’चा शब्द देणारा माणूस : युसुफ मेहेरअली

दरवर्षी ९ ऑगस्टला, क्रांतिदिनाच्या निमित्ताने, मी आठवीच्या वर्गात एक छोटी प्रश्नमंजूषा घेते. पाच-दहा प्रश्न, बरोबर उत्तराला एक पेन. गेल्या वर्षीही घेतली. ‘सायमन परत जा’ ही घोषणा कोणी दिली? एका मुलीने लाला लजपतराय सांगितले, बाकीच्यांनी माना डोलावल्या. ‘चले जाव’, म्हणजे ‘भारत छोडो’, हा शब्द कोणाचा? सगळा वर्ग एकदम ओरडला, “गांधीजी!”

मुलांचा दोष नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे हीच उत्तरे बरोबर धरून पेन वाटले आहेत. त्या दिवशी मात्र मी तयारी करून गेले होते. मी फळ्यावर एक नाव लिहिले, उर्दूत आणि मराठीत : युसुफ मेहेरअली. दोन्ही घोषणांमागे हा एकच माणूस होता, असे सांगितल्यावर वर्ग क्षणभर शांत झाला. घंटा झाली, मुले पळाली. एक मुलगा मात्र दप्तर पाठीवर घेऊन टेबलाजवळ रेंगाळत राहिला. सगळे गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, “टीचर, मतलब उसमें अपना भी कोई था?”

हा प्रश्न मला फार लागला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने तो हळू आवाजात विचारावा, याचेही वाईट वाटले. मी त्याला पटापट नावे सांगितली : मौलाना आझाद, अशफाकउल्ला खान, सोलापूरचे कुर्बान हुसेन. तो खूश होऊन गेला. मला मात्र घरी आल्यावरही चैन पडेना. मुलाच्या हातात नावांची यादी देऊन माझे काम झाले का? म्हणून युसुफ मेहेरअलींची गोष्ट आज पूर्ण सांगावी म्हणते. ही गोष्ट त्या यादीपेक्षा मोठी आहे.

सनद नाकारलेला वकील

युसुफ मेहेरअलींचा जन्म २३ सप्टेंबर १९०३ रोजी मुंबईत एका सधन व्यापारी मुस्लिम घराण्यात झाला. घरात कशाची कमतरता नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, मग कायद्याचे शिक्षण. त्या काळच्या श्रीमंत घरातल्या मुलाचा पुढचा रस्ता ठरलेलाच असे. वकिली, मोटार, क्लब, आणि सरकारदरबारी ओळखी.

हा मुलगा कॉलेजात असतानाच चळवळीत ओढला गेला होता. तरुणांच्या सभा घेणे, वादविवाद घडवून आणणे, पत्रके छापणे यातच त्याचे दिवस जात. १९२८ मध्ये मुंबईत ‘यूथ लीग’ उभी राहिली, तिचा तो प्राण होता. कायद्याची परीक्षा तो उत्तीर्ण झाला, पण राजकीय कामामुळे त्याला वकिलीची सनद नाकारण्यात आली. आपल्या घरात एखाद्या मुलाची अशी सनद अडली असती तर काय झाले असते? आईने दुआ मागितल्या असत्या, वडिलांनी कोणाची तरी शिफारस आणली असती, आणि सगळ्यांनी मिळून त्याला समजावले असते की बाबा, लिहून दे माफीनामा. मेहेरअलींनी त्या सनदेकडे पाठ फिरवली ती कायमची. पुढचे आयुष्य त्यांनी देशाच्या कामाला दिले.

हमालांच्या कपड्यांत

१९२८ चा फेब्रुवारी. हिंदुस्थानला किती अधिकार द्यायचे हे ठरवायला इंग्लंडहून सायमन कमिशन निघाले होते. सात सदस्य, आणि त्यांत एकही हिंदी माणूस नाही. ज्यांच्या घराचा निवाडा करायचा, त्यांनाच अंगणात बसवून ठेवण्याचा हा प्रकार होता. काँग्रेसने बहिष्कार पुकारला.

३ फेब्रुवारीला कमिशन मुंबईच्या बंदरात उतरणार होते. मेहेरअली आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी ठरवले की होड्या घेऊन समुद्रातच जायचे आणि जहाजाला काळे झेंडे दाखवायचे. बातमी फुटली. पोलिसांनी तो बेत उधळला. मग या मुलांनी दुसरी युक्ती काढली. बंदरावर कोणाला आडकाठी नसते? हमालाला! डोक्याला फडके बांधून, हमालांचे कपडे घालून ही शिकलेली पोरे धक्क्यापर्यंत पोहोचली. साहेब उतरताच त्यांच्या कानावर पहिली आरोळी पडली : “सायमन, गो बॅक!”

लाठ्या बसल्या, धरपकड झाली. पण ते तीन शब्द मुंबईत थांबले नाहीत. कमिशन जाईल त्या शहरात ते त्याच्या आधी जाऊन उभे राहू लागले. ३० ऑक्टोबरला लाहोरच्या निदर्शनात लाला लजपतराय लाठ्यांनी जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला वारले. त्या बलिदानामुळे ही घोषणा लोकांच्या मनात लालाजींच्या नावाशी जोडली गेली. ते स्वाभाविकही होते. शब्द घडवणारा मुंबईचा पंचवीस वर्षांचाही नसलेला मुस्लिम तरुण होता, हे हळूहळू मागे पडले.

तुरुंगातून महापौर

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मेहेरअली चार महिने तुरुंगात गेले. १९३२ मध्ये पुन्हा पकडले गेले, या वेळी दोन वर्षे, नाशिकच्या तुरुंगात. त्याच तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशी तरुण मंडळी होती. इंग्रज गेल्यावर देश कोणाचा असेल, गिरणीमालकाचा की गिरणीत राबणाऱ्याचा, जमीनदाराचा की कुळाचा, याची चर्चा तिथे रात्र-रात्र चाले. त्यातूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष जन्माला आला. मेहेरअली त्याच्या संस्थापकांपैकी एक. सधन घरातला हा मुलगा कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या सभांत बोलू लागला.

१९३८ मध्ये ते अमेरिकेत भरलेल्या जागतिक युवक परिषदेला हिंदी तरुणांचे प्रतिनिधी म्हणून गेले. तिथल्या पुस्तकांच्या दुकानांत जगातल्या प्रत्येक प्रश्नावर स्वस्त, छोटी पुस्तके मिळतात, हे त्यांनी पाहिले. परत आल्यावर मुंबईत त्यांनी अशाच प्रकाशनाचे काम हाती घेतले. सामान्य वाचकाला परवडेल असे पुस्तक काढणे हेही देशकार्यच आहे, असे ते मानत.

१९४२ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. मेहेरअली तेव्हा लाहोरच्या तुरुंगात होते. मुंबई महापालिकेच्या महापौरपदासाठी काँग्रेसने त्यांचे नाव पुढे केले आणि ते निवडून आले! वय अडतीस. मुंबईचे तोवरचे सर्वांत तरुण महापौर. सरकारला त्यांना सोडावे लागले.

लक्षात घ्या. मुंबईच्या हिंदू, पारशी, मुस्लिम, ख्रिस्ती प्रतिनिधींच्या सभागृहात, तुरुंगातल्या एका माणसावर विश्वास टाकला गेला होता. आणि हे अशा काळात, जेव्हा मुस्लिम लीगचा पाकिस्तानचा ठराव होऊन दोन वर्षे झाली होती आणि ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न प्रत्येक मुसलमानाला दोन्ही बाजूंनी विचारला जात होता. मेहेरअलींनी त्या प्रश्नाला भाषणातून फारसे उत्तर दिले नाही. ते काम करत राहिले.

तुरुंगातून थेट लोकांच्या खुर्चीवर, ही गोष्ट पुढे जगाने पुन्हा पाहिली. पश्चिम आफ्रिकेतला गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, इंग्रजांच्याच ताब्यात होता. तिथले नेते क्वामे एन्क्रुमा १९५१ च्या निवडणुकीच्या वेळी तुरुंगात होते. अक्रा शहराने त्यांना तुरुंगात असतानाच निवडून दिले आणि इंग्रज गव्हर्नरला त्यांना सोडून सरकार बनवायला बोलवावे लागले. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला. आशिया असो की आफ्रिका, परक्या राज्याचा पाया कुठे खचतो हे या दोन्ही घटना सांगतात. ज्याला सरकार गुन्हेगार ठरवते त्यालाच लोक आपला मानतात, तेव्हा ते राज्य संपायला आलेले असते.

दोन शब्द

१९४२ च्या उन्हाळ्यात गांधीजी शेवटच्या लढ्याची तयारी करत होते. त्या लढ्याला एक नाव हवे होते, जे एका दमात उच्चारता येईल. मुंबईत सहकाऱ्यांशी चर्चा सुरू होती. कोणी सुचवले, ‘गेट आउट’. गांधीजींना ते उद्धट वाटले. राजगोपालाचारींनी ‘रिट्रीट’ किंवा ‘विदड्रॉ’ असे शब्द सुचवले. तेही बसेनात. मग युसुफ मेहेरअलींनी गांधीजींना एक धनुष्य भेट दिले. त्यावर दोन शब्द कोरलेले होते : ‘क्विट इंडिया’. गांधीजींनी ते पाहिले आणि म्हणाले, “आमेन.”

ही हकीकत मुंबईतल्या चळवळीच्या इतिहासात नोंदलेली आहे. मेहेरअली तेवढ्यावर थांबले नाहीत. याच नावाची पुस्तिका त्यांनी छापली आणि ती हातोहात संपली. ‘क्विट इंडिया’ लिहिलेले हजारावर बिल्ले त्यांनी तयार करून घेतले. मराठीत ते शब्द ‘चले जाव’ झाले, हिंदी-उर्दूत ‘भारत छोडो’.

८ ऑगस्ट १९४२ ची रात्र. गवालिया टँक मैदान, मुंबई. मुलांना मी हे चित्र डोळ्यांसमोर आणायला सांगते. व्यासपीठावर अध्यक्ष कोण? मौलाना अबुल कलाम आझाद. शहराचा महापौर कोण? युसुफ मेहेरअली. ठरावाचे नाव कोणाच्या शब्दांत? त्याच मेहेरअलींच्या. आणि ‘करेंगे या मरेंगे’ असे सांगणारे गांधीजी. या चित्रातून कोणालाही बाजूला काढता येत नाही. एकाला काढले तर चित्रच फाटते.

९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड सुरू झाली. महापौरही पुन्हा तुरुंगात गेले.

“मला एकट्याला नको”

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ती क्रमिक पुस्तकांत नसते.

या तुरुंगवासात मेहेरअलींना हृदयविकाराचा झटका आला. वय अजून चाळीसही नव्हते. माणूस नामांकित, शहराचा महापौर. तुरुंगात तो मेला तर सरकारची छी-थू होईल. अधिकाऱ्यांनी प्रस्ताव ठेवला की खास उपचारांसाठी मुंबईच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये हलवतो. मेहेरअली म्हणाले, माझ्याबरोबर इथे आणखी दोन सत्याग्रही आजारी आहेत. त्यांनाही हीच सवलत द्या. सरकारने नकार दिला. मग मेहेरअलींनीही जायचे नाकारले.

ते तुरुंगातच राहिले. तब्येत ढासळत गेली. १९४३ मध्ये सरकारने त्यांना सोडले, पण ते दुखणे त्यांच्या शरीरातून पुन्हा कधीच गेले नाही.

वाचकहो, घोषणा देणे सोपे नसते हे खरे. लाठी खाणे त्याहून कठीण. पण गर्दीत, हजार माणसांच्या डोळ्यांसमोर माणसाला हिंमत येते. तुरुंगाच्या खोलीत, छातीत कळा येत असताना, समोर स्वच्छ बिछाना आणि चांगला डॉक्टर मांडून ठेवलेला असताना “मला एकट्याला नको” म्हणणे ही वेगळीच हिंमत आहे. तिथे टाळ्या नसतात. शेजारी भुकेला असताना आपण पोटभर जेवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. या माणसाने ती औषधाच्या बाबतीत, स्वतःच्या जिवावर पाळून दाखवली.

तेव्हा जालन्यात

मुंबईत ‘चले जाव’ घुमत होते तेव्हा आपले जालना कुठे होते? इंग्रजांच्या थेट अमलात नव्हते. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर, नव्या जालन्यात आणि जुन्या जालन्यात, निजामाचे राज्य होते. हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्येच बंदी आली होती. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांनी जे केले ते इथल्या हिंदू घरांनी भोगले, आणि त्यांना विरोध करणाऱ्या मुसलमानांनीही. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची भर रस्त्यात हत्या झाली. त्यानंतर पोलीस ॲक्शनच्या काळात मराठवाड्यातल्या मुस्लिम वस्त्यांनी जे सोसले, तेही आपल्या घरांना ठाऊक आहे.

आमच्या दादीअम्मा कुठल्याही गोष्टीचे साल सांगत नसत. “ॲक्शन के पहले” आणि “ॲक्शन के बाद” अशी त्यांची कालगणना होती. त्याहून जास्त त्या बोलत नसत. माझी पिढी या गप्पपणात वाढली. शाळेत सप्टेंबर महिना आला की मान खाली घालून बसण्याची सवय आम्हाला कोणी लावली नव्हती, ती लागली. त्या मुलाने हळू आवाजात प्रश्न विचारला तेव्हा मला माझी तीच सवय आठवली.

म्हणून मी ठरवले की त्या मुलाला पुन्हा बोलवायचे आणि आपले आधीचे उत्तर दुरुस्त करायचे. नावांची यादी खिशात ठेवून फिरायची गरज नाही, हे त्याला सांगायचे. हा देश आपला आहे याचा पुरावा म्हणून मेहेरअलींचे नाव वापरायचे नाही. घराच्या मालकाला रोज दारात उभे राहून खरेदीखत दाखवावे लागत नाही. मेहेरअलींचे नाव घ्यायचे ते त्यांच्यासारखे वागण्यासाठी. नाहीतर ते फक्त भिंतीवरचे एक चित्र होईल.

मुंबई थांबली

स्वातंत्र्य आले, फाळणीचा घाव घेऊन आले. मेहेरअली मुंबईतच राहिले, मरेपर्यंत आपल्या समाजवादी साथींबरोबर काम करत राहिले. १९४८ मध्ये समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली. सत्ता ज्यांच्या हातात होती ते जुने सहकारी एका बाजूला आणि हे मोकळ्या हाताने दुसऱ्या बाजूला. २ जुलै १९५० रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्या जुन्या हृदयविकाराने युसुफ मेहेरअली अल्लाहच्या भेटीला गेले.

दुसऱ्या दिवशी मुंबईत बस, ट्राम आणि लोकल गाड्या काही मिनिटे जागच्या जागी थांबल्या. दुकाने, शाळा, बहुतेक गिरण्या बंद राहिल्या. तो मंत्री नव्हता, त्याच्याजवळ ना खुर्ची होती ना दौलत. तरी ते धावणारे शहर त्याच्यासाठी थांबले.

मग हे नाव विसरले कसे गेले? कारणे साधी आहेत. माणूस लवकर गेला. त्याचा पक्ष पुढे फुटत-फुटत लहान झाला, आणि पुतळे सहसा सत्तेतल्या लोकांचे उभे राहतात. हिंदू घरांत ते आपले वाटावेत इतके त्यांच्याविषयी सांगितले गेले नाही. आणि आपण? खरे बोलायचे तर आपणही त्यांना फारसे जवळ केले नाही. मजहबी नेता नव्हे, लीगचा नव्हे, समाजवादी माणूस, मग आपल्या घरातल्या गोष्टींत त्याला कुठे बसवायचे, हे आपल्याला कळले नाही.

नाव पुसले गेले असे मात्र नाही. आपल्या जालन्याचे कितीतरी व्यापारी माल घ्यायला मुंबईला मस्जिद बंदर, मांडवी भागात जातात. तिथल्या गर्दीच्या रस्त्याचे नाव युसुफ मेहेरअली रोड आहे. बिलांवर ते नाव छापलेले असते. पुढच्या वेळी बिल हातात आले की मुलाला दाखवा. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर आहे. डॉ. जी. जी. परीख आणि त्यांच्या साथीदारांनी १९६१ मध्ये ही संस्था सुरू केली. तिथे दवाखाना आहे, शाळा आहेत, घाणीचे तेल, साबण, मातीकाम असे ग्रामोद्योग आहेत. आजारी साथीदारांसाठी हॉस्पिटल नाकारणाऱ्या माणसाच्या नावाने खेड्यात दवाखाना चालावा, याहून चांगले स्मारक कोणते?

घरात काय करावे

आई-वडिलांना माझी एक विनंती आहे. १५ ऑगस्टला मुलांना झेंडा आणि मिठाई देतोच, त्याबरोबर एक गोष्ट द्या. ९ ऑगस्टला जेवायला बसताना ‘चले जाव’ची हकीकत सांगा, धनुष्यासकट. २३ सप्टेंबर मेहेरअलींचा जन्मदिवस. मराठवाडा मुक्तिदिनानंतर सहाच दिवसांनी येतो. सप्टेंबरमध्ये मान खाली घालणाऱ्या मुलाला त्या दिवशी ही गोष्ट सांगितली तर ती त्याला जास्त उपयोगी पडेल. आणि गोष्ट सांगताना सनद, लाठी, महापौरपद हे सगळे सांगा, पण हॉस्पिटलचा प्रसंग चुकवू नका. शिष्यवृत्ती असो, रेशन असो, ओळखीने मिळणारी नोकरी असो, आपल्या मुलांसमोरही एक दिवस कोणीतरी म्हणेल, तुझे एकट्याचे काम करून देतो, बाकीच्यांचे राहू दे. त्या दिवशी त्यांना हा माणूस आठवला पाहिजे.

मी त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत बोलावले. पूर्ण गोष्ट सांगितली, हमालांच्या कपड्यांपासून तुरुंगातल्या बिछान्यापर्यंत. तो मन लावून ऐकत होता. शेवटी मला वाटले, आता विचारेल की हे पुस्तकात का नाही. त्याने ते विचारले नाही.

“टीचर,” तो म्हणाला, “वो दो बीमार लोग थे ना साथ में, उनका क्या हुआ?”

या वेळी आवाज हळू नव्हता. आणि ते दोघे ‘अपने’ होते की नाही, हेही त्याने विचारले नाही.